जिप्सीचा कॅम ग्राइंड करायलोय: एलएसए १०६ घ्यावा, १०९ की ११२?

बालाघाट_४बाय४ (बीड)

जिप्सी किंग आहे, एमपीएफआय, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, सिंगल कॅम. व्हॉल्व्ह गाइड आणि सीटच्या कामासाठी हेड उतरवलंय. कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) दोन लोबवर, म्हणजे उंचवट्यांवर, चांगलेच ओरखडे दिसायलेत, त्यामुळं तो तसाच परत बसवायचा नाही. ग्राइंडर म्हणायलाय, ह्याच कॅमवर नवीन प्रोफाइल काढून देतो. त्यानं तीन पर्याय दिलेत. तिन्हीत इनटेक आणि एक्झॉस्टचं ड्युरेशन (क्रँकच्या किती डिग्री व्हॉल्व्ह उघडा राहतो) २६२ डिग्री, लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलतो) सारखी, ॲडव्हान्स (कॅम किती पुढं ठेवलाय) ४ डिग्री. फरक फक्त लोब सेपरेशन अँगलचा, म्हणजे एलएसएचा (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांतला कोन): १०६, १०९ किंवा ११२. त्याचं म्हणणं, "१०६ घ्या, पॉवर जास्त, आयडलला आवाज पण दणदणीत."

वापर असा: आठवडाभर बीड–केज–अंबाजोगाई, एसी लावून. पावसाळ्यात शेताच्या वाटेला काळ्या मातीत, लो रेंजवर. अधूनमधून ऑटोक्रॉस. ईसीयू (पेट्रोल ठरवणारा कॉम्प्युटर) कंपनीचा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, कॅट (धूर साफ करणारा कन्व्हर्टर), सायलेन्सर सगळं कंपनीचंच. हेडर (लांब नळ्यांचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड) पुढं कधीतरी टाकीन. कॉम्प्रेशनला हात लावलेला नाही.

यातला कोणता घ्यावा? आणि चुकलाच तर ॲडजस्टेबल पुली टाकून एलएसए नंतर बदलता येतो का? नेटवर जितकी पानं बघावीत तितकी वेगवेगळी उत्तरं मिळायलीत.

गोदाकाठ (नांदेड)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर पहिला अवलंबून आहे. नाही बदलता येत. सिंगल कॅममध्ये दोन्ही लोब एकाच शाफ्टवर आहेत. पुली फिरवली की इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही सोबतच पुढं किंवा मागं सरकतात, त्यांच्यातला कोन तोच राहतो. म्हणजे एलएसए ग्राइंडरच्या मशीनवरच कायमचा ठरतो. ॲडव्हान्स-रिटार्ड तेवढं तुमच्या हातात राहतं.

आता तुमचे तीन कॅम. नुसता एलएसएचा आकडा बघून काही कळत नाही, त्याचे व्हॉल्व्ह टायमिंग काढा. ४ डिग्री ॲडव्हान्स म्हणजे इनटेकची सेंटरलाइन (व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तो कोन) एलएसएपेक्षा ४ ने कमी आणि एक्झॉस्टची ४ ने जास्त. अर्धं ड्युरेशन १३१.

१०६ चा कॅम: इनटेक टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर) २९ डिग्री आधी उघडतो, बीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत खाली) ५३ ला मिटतो. एक्झॉस्ट बीडीसीच्या ६१ आधी उघडतो, टीडीसीनंतर २१ ला मिटतो. ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात तेवढ्या डिग्री) २९ अधिक २१, म्हणजे ५०.

१०९ चा: इनटेक २६ आणि ५६, एक्झॉस्ट ६४ आणि १८. ओव्हरलॅप ४४.

११२ चा: इनटेक २३ आणि ५९, एक्झॉस्ट ६७ आणि १५. ओव्हरलॅप ३८.

१०६ मध्ये दोन गोष्टी एकदम घडल्यात हे बघा. इनटेक ११२ पेक्षा ६ डिग्री लवकर मिटतो. पिस्टन वर यायला लागल्यावर कमी हवा परत ढकलली जाते, सिलिंडरमधला दाब वाढतो, मधल्या आरपीएमचा टॉर्क वाढतो. शिवाय एक्झॉस्ट ६ डिग्री उशिरा उघडतो, म्हणजे पॉवर स्ट्रोकचा दाब थोडा जास्त वेळ वापरला जातो. हे दोन्ही तुम्हाला हवंच आहे. पण त्याच्याच जोडीला ओव्हरलॅप १२ डिग्रीनं वाढला, आणि तो तुमच्या गाडीला झेपणारा नाही.

कारण असं. थोडं थ्रॉटल दिलेलं असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो आणि एक्झॉस्ट पोर्टमध्ये जवळपास हवेइतका किंवा त्याहून जास्त दाब. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहिले की जळालेला गॅस उलटा इनटेकमध्ये शिरतो. ताजं मिश्रण पातळ होतं, जळायला कुचराई करतं, गाडी १५०० ते २००० आरपीएमला हिसके देते. गाळपाच्या हंगामात मांजरसुंब्याच्या घाटात दोन ट्रॉल्यांच्या ऊस-ट्रॅक्टरमागं अडकलात की नेमकं याच आरपीएमला, याच थ्रॉटलला चालवावं लागतं. फुल थ्रॉटलला हा त्रास बराच कमी होतो, म्हणून ऑटोक्रॉसमध्ये तोच कॅम जोरकस वाटेल आणि रस्त्यावर नकोसा होईल. ओव्हरलॅपचा फायदा व्हायचा असेल तर एक्झॉस्टनं त्या क्षणी ओढून घेतलं पाहिजे. ते काम नीट लांबीचं हेडर करतं. कंपनीचा आखूड मॅनिफोल्ड, कॅट आणि बारीक पाइप करत नाही.

अजून एक. १०६-१०८ ची शिफारस बहुतेक वेळा मोठ्या अमेरिकन व्ही-८ वरून येते. तिथं एका सिलिंडरला एकच इनटेक व्हॉल्व्ह असतो आणि सिलिंडरच्या मानानं तो लहान पडतो, त्यामुळं एलएसए आवळून घेतला तर इंजिनाला मानवतो. तुमच्या हेडमध्ये दोन इनटेक, दोन एक्झॉस्ट. दोन लहान व्हॉल्व्हचा मिळून घेर एका मोठ्यापेक्षा जास्त भरतो, त्यामुळं अगदी कमी लिफ्टवरच बरीच वाट मोकळी होते. तितक्याच डिग्रीचा ओव्हरलॅप इथं जास्त काम करतो, आणि जास्त त्रासही देतो.

म्हणून तुमच्या तीन पर्यायांतून निवडायचाच असेल तर ११२. पण माझं स्पष्ट मत, तिन्ही सोडा. चूक एलएसएमध्ये नाही, २६२ मध्ये आहे. ग्राइंडरला ड्युरेशन कमी करायला सांगा.

२५० डिग्री, एलएसए १०८, ४ ॲडव्हान्स धरा. इनटेक २१ आधी उघडेल, ४९ नंतर मिटेल. एक्झॉस्ट ५७ आधी उघडेल, १३ नंतर मिटेल. ओव्हरलॅप फक्त ३४, म्हणजे २६२/११२ पेक्षाही कमी, आणि इनटेक १० डिग्री लवकर मिटतो. आयडल सरळ, खालून ओढ जास्त. वरच्या टोकाला थोडी कमी पडेल, ५५०० च्या पुढं जाणवेल. काळ्या मातीत लो रेंजवर चालणाऱ्या गाडीला ते चालतं.

एलएसए हा शेवटी निघणारा आकडा आहे. इनटेक कधी मिटवायचा ते आरपीएम बघून ठरवा, ओव्हरलॅप किती ठेवायचा ते एक्झॉस्ट, ईसीयू आणि ब्रेकचा व्हॅक्यूम बघून ठरवा. मग दोन्ही ड्युरेशनची सरासरी घ्या, त्यातून ओव्हरलॅप वजा करा, उरलेल्याला दोननं भागा. आला एलएसए. २५० वजा ३४, भागिले २, बरोबर १०८.

टीडीसी_लातूर (लातूर)

गोदाकाठ सरांच्या गणितात काही बदलायचं नाही. पण त्याआधी ग्राइंडरला एक प्रश्न विचारा: २६२ कोणत्या लिफ्टवर मोजलेत? ०.१५ मिमीवर मोजले तर तो मध्यम रस्त्याचा कॅम. तोच कॅम १.२७ मिमीवर, म्हणजे ५० थाउवर (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), मोजला तर साधारण २१५-२२० भरेल. आणि १ मिमीवर २६२ असतील तर तो सरळसरळ रेसचा कॅम आहे, मग वरचे सगळे ओव्हरलॅपचे आकडे फसवे ठरतात. मोजायची लिफ्ट कळल्याशिवाय दोन कॅमची तुलना करू नका.

हेड खालीच आहे तर कंपनीचा कॅमही मोजून ठेवा. ज्या लोबवर ओरखडे नाहीत ते घ्या. मूळ ड्युरेशन, मूळ ओव्हरलॅप माहीत असला की नवीन कॅम किती पुढं न्यायचा ते ठरवता येतं. कंपनीच्या ईसीयूवर मूळ ओव्हरलॅपपेक्षा ८-१० डिग्रीच्या वर जाऊ नये असं माझं मत.

मोजताना एक फसगत होते, ती नीट समजून घ्या. ज्या सिंगल कॅम इंजिनात इनटेकचे रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारे हात) कॅमच्या एका बाजूला आणि एक्झॉस्टचे दुसऱ्या बाजूला टेकतात, तिथं शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवून दोन शिखरांतला कोन मोजला तर तो एलएसए नसतो. रॉकर वेगवेगळ्या जागी टेकतात, तो फरक त्या कोनात मिसळलेला असतो. म्हणून १०८ पाहिजे असं नुसतं सांगून चालत नाही. "१०८ व्हॉल्व्हवर पाहिजे" असं सांगा आणि मोजही व्हॉल्व्हच्या रिटेनरवर (स्प्रिंग धरणारी वाटी) डायल गेज लावूनच घ्या.

पद्धत अशी. क्रँक पुलीवर डिग्री व्हील, ब्लॉकला जाड तारेचा काटा. प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप (पिस्टन अडवणारा खिळा) लावा. इंजिन हातानं हळू फिरवून स्टॉपला टेकवा, आकडा लिहा. मग उलट फिरवून दुसऱ्या बाजूनं टेकवा. एका बाजूला ३८ आणि दुसऱ्या बाजूला ४२ आले तर तुमचा शून्य २ डिग्रीनं चुकलाय. दोन्हीकडं ४० येईपर्यंत काटा सरकवा. पिस्टन डोळ्यांनी वर दिसला म्हणून टीडीसी धरू नका. शिखरावर क्रँक कितीतरी डिग्री फिरतो आणि पिस्टन जागचा हलल्यासारखा दिसत नाही.

स्टॉप काढा. टॅपेटचा गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) शून्य करा. इनटेकच्या रिटेनरवर गेज लावून पूर्ण लिफ्टवर सुई शून्य करा. मग १.२७ मिमी खाली असतानाचे दोन आकडे घ्या, एक उघडताना, एक मिटताना. समजा टीडीसीनंतर ६४ आणि १४४ आले, तर सेंटरलाइन १०४. एक्झॉस्टला तसंच करा. टीडीसीच्या आधी १५२ आणि ७२ आले तर ११२. दोन्हींची सरासरी १०८, हा खरा एलएसए. फिरवताना इंजिनाच्या दिशेनंच फिरवा. पुढं गेलं तर पाव फेरा मागं घेऊन परत पुढं या, नाहीतर बेल्टचा ढिलेपणा आकड्यात शिरतो. लोब दोन्ही बाजूंनी सारखा नसेल तर ही मधली रेघ खऱ्या शिखरापासून एखाद-दुसरा डिग्री सरकते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

सेंटरलाइन चुकली असेल तर दात बदलून नीट होणार नाही. कॅम पुलीला समजा ४० दात असतील, तर एक दात म्हणजे कॅमचे ९ आणि क्रँकचे १८ डिग्री. दोन-चार डिग्रीसाठी ॲडजस्टेबल पुली किंवा ऑफसेट पिनच लागते. कॅम हलवल्यावर इग्निशन टायमिंग लाइटनं परत बघा. डिस्ट्रिब्युटर किंवा कॅम सेन्सर कॅमवरूनच चालत असेल तर तेही सोबत हललेलं असतं.

बालाघाट_४बाय४ (बीड)

दोघांचे आभार, डोक्यातला गुंता बराच सुटला. ग्राइंडरला विचारलं, तो ०.१५ मिमीवरच मोजतो म्हणाला. २५०/१०८ करून देईल, पण जुन्या कॅमवर एलएसए हवा तितका हलवता येईल का याची खात्री देत नाही म्हणतो. हे खरं का? आणि व्हॅक्यूमचं काय, ब्रेक कडक होतील असं इथला मेकॅनिक सांगायलाय.

टीडीसी_लातूर (लातूर)

ग्राइंडर प्रामाणिक बोलतोय. जुन्या लोबवरून धातू फक्त काढता येतो, घालता येत नाही. शिखर बाजूला सरकवायचं तर लोबची एक बाजू आणि बेस सर्कल (लोबचा खालचा गोल भाग) दोन्ही खोल घ्यावं लागतं. डिग्री-दोन डिग्री सहज निघतात. त्यापुढं गेलं की बेस सर्कल बारीक होतं आणि वरचा कडक थर संपायची भीती असते. तो थर संपला तर लोब काही हजार किलोमीटरमध्ये गोल होतो. ग्राइंड झाल्यावर हार्डनेस तपासून मागा. लोबवर वेल्डिंगनं भर घालून देतो कुणी म्हणालं तर ज्याचं रोजचं ते काम आहे त्याच्याकडूनच घ्या. म्हणून कंपनीचा कॅम आधी मोजा म्हणतोय: मूळ एलएसए १०८ च्या आसपास निघाला तर काम सोपं, खूप लांब निघाला तर मूळ एलएसएवरच २५० करून घ्या.

बेस सर्कल कमी झालं की रॉकर खाली बसतो आणि टॅपेटचा गॅप वाढतो. तिकडं सीट कापल्यामुळं व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल जातो, स्टेम वर येतो आणि गॅप कमी होतो. दोन्ही एकमेकांना थोडे भरून काढतात. तरी टॅपेट स्क्रू एका टोकाला गेलाय का, रॉकर स्टेमच्या मध्यावर टेकतो का ते बघा. स्टेमच्या टोकाला मार्कर लावून इंजिन दोन फेरे फिरवलं की घासलेला पट्टा दिसतो. तो कडेला गेला असेल तर गाइड परत खराब होणार. आणि व्हॉल्व्ह खोल गेलाय म्हणजे स्प्रिंगची बसलेली उंची वाढलीय, दाब कमी झालाय. तेवढी शिम खाली टाका. पूर्ण लिफ्टवर स्प्रिंगच्या वेढ्यांत एकूण १.५ मिमी आणि रिटेनर-सील यांच्यात तेवढीच जागा राहिली पाहिजे.

गोदाकाठ (नांदेड)

व्हॅक्यूमचं मी सांगतो, कारण आपल्या भागात इथंच गणित चुकतं. पुस्तकात लिहिलेले आयडलच्या व्हॅक्यूमचे १८ ते २२ इंच (पाऱ्याचे) समुद्रसपाटीचे असतात. बालाघाटचं पठार ५०० ते ६५० मीटरवर आहे, तिथं हवेचा दाबच साधारण दोन इंचांनी कमी. चांगलं इंजिनसुद्धा १६ ते २० दाखवणार. त्यातून १०६ च्या कॅमनं आणखी चार-पाच इंच खाल्ले की व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ब्रेक बूस्टरला उरतं काय? १२ इंचांच्या खाली गेलं की दुसऱ्यांदा ब्रेक दाबताना पाय कडक लागतो. घाट उतरताना तो धोका पत्करू नका. ३४ ओव्हरलॅपला हा प्रश्न यायला नको, पण गेज लावून खात्री करा: गरम इंजिन, एसी चालू, आयडल, १४ च्या वर पाहिजे.

ईसीयूलाही हाच व्हॅक्यूम लागतो. मॅनिफोल्डचा दाब बघून पेट्रोल ठरवणारा ईसीयू असेल तर त्याला कॅम बदललाय हे ठाऊक नसतं. आयडलला दाब वाढला की त्याला वाटतं इंजिनावर लोड आहे, तो जास्त पेट्रोल सोडतो. वर ओव्हरलॅपमधून आणि चुकलेल्या जळणातून सुटलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो, ईसीयू त्याला लीन (पेट्रोल कमी) समजतो आणि आणखी पेट्रोल टाकतो. प्लग काळे, सायलेन्सरला वास, एवरेज ढासळलेलं. बरेच जण मग इंजेक्टर साफ करत बसतात.

आणि उन्हाळा. इनटेक लवकर मिटला की खालच्या आरपीएमला सिलिंडरचा दाब वाढतो. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत, टॉप गिअरमध्ये चढावर दामटलं तर खडखड ऐकू येऊ शकते. तशी आली तर कॅम २ डिग्री रिटार्ड करून बघा. इनटेक ५१ ला मिटेल, ओव्हरलॅप तेवढाच राहील. इग्निशन मागं घेण्यापेक्षा हे बरं, टॉर्क कमी जातो.

जालना_सीएनजी (जालना)

थोडं बाजूचं विचारतो. हेच इंजिन सीएनजीवर चालवायचं असेल तर २५०/१०८ चालेल का? किट जुन्या मिक्सर पद्धतीचं आहे.

गोदाकाठ (नांदेड)

चालेल, पण मी ११० ते ११२ घेईन. मिक्सरमध्ये गॅस मॅनिफोल्डभर पसरलेला असतो. ओव्हरलॅपमध्ये गरम गॅस उलटा आला की तो मॅनिफोल्डमध्येच पेटतो. एअर फिल्टरचा डबा फुटायचं हे एक कारण. २५० वर ११२ घेतला तर ओव्हरलॅप २६ उरतो. टॅपेटचा गॅप मात्र वरचेवर बघत जा, सीएनजीवर सीट लवकर बसते आणि गॅप संपतो.

पूर्णाकाठ_३५० (परभणी)

जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये इनटेक आणि एक्झॉस्टचे कॅम वेगळे असतात. तिथं दात सरकवून एलएसए बदलता येतो ना?

टीडीसी_लातूर (लातूर)

येतो, पण उडी फार मोठी पडते. गिअरचे दात मोजा. समजा ५० असतील, तर एक दात म्हणजे कॅमचे ७.२, क्रँकचे १४.४ डिग्री. एकच कॅम सरकवला तर एलएसए त्याच्या निम्म्यानं, ७.२ नं बदलतो. इनटेक एक दात पुढं घेतला तर एलएसए ७.२ नं कमी, ओव्हरलॅप १४.४ नं जास्त. तेवढ्यात व्हॉल्व्ह पिस्टनला टेकू शकतो. खुणेवरच ठेवा. डीओएचसीला (हेडमध्ये दोन कॅम असलेल्या इंजिनाला) दोन ॲडजस्टेबल पुली असतील तर मात्र हे बारकाईनं करता येतं: इनटेक ४ पुढं, एलएसए २ नं कमी.

बालाघाट_४बाय४, तुम्हालाही हाच धोका आहे. हेड आणि सीट कापल्यावर पिस्टन-व्हॉल्व्ह अंतर तपासल्याशिवाय बेल्ट लावून स्टार्टर मारू नका. पिस्टनवर मुलांची खेळायची चिकणमाती ठेवा, वरून थोडं तेल, वापरलेलं गॅस्केट लावून हेड कसा, हातानं दोन पूर्ण फेरे द्या. कुठं अडलं तर जोर लावू नका. उघडून माती ब्लेडनं कापा आणि सर्वांत पातळ जागा मोजा. इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी तरी हवेत. एक्झॉस्ट टीडीसीच्या आधी १० डिग्रीच्या आसपास सर्वांत जवळ येतो, इनटेक तितकाच नंतर. कॅम ॲडव्हान्स केला की इनटेकची जागा कमी होते, म्हणून पुलीवर जितकं पुढं जायची शक्यता आहे तितक्यावर ठेवूनच ही मोजणी करा.

पहिला स्टार्ट: लोब आणि रॉकरच्या पॅडला मॉलिब्डेनम पेस्ट, प्लग काढून ऑइल प्रेशर येईपर्यंत स्टार्टर, आणि चालू झालं की आयडलला सोडायचं नाही. २००० ते २५०० वर खालीवर करत २० मिनिटं. आयडलला लोबवर तेल कमी पडतं आणि नवा लोब तिथंच घासला जातो. रेडिएटरसमोर एक टेबलफॅन लावा. थंड झाल्यावर तेल-फिल्टर बदला आणि सगळ्या टॅपेटचा गॅप परत घ्या; एखाद्याचाच गॅप बाकीच्यांपेक्षा वाढलेला निघाला तर तो लोब जातोय, कव्हर लावायच्या आधी बोटानं चाचपून बघा.